आटणाऱ्या पाण्याचे मोल

मराठीत ‘डबके’ या शब्दाला मान नाही. विचार वाहायचे थांबले की त्यांचे डबके होते आणि आपल्यापलीकडचे जग ज्याला दिसत नाही तो डबक्यातला बेडूक ठरतो. पावसाळा तोंडावर आला की आरोग्य विभागाची पहिली सूचना असते ती डबकी बुजवण्याची. घराभोवती, बांधकामावर, जुन्या टायरांत आणि कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यापुरती ती योग्यच आहे. डेंग्यू आणि मलेरियाचे डास अशाच पाण्यात वाढतात. पण जंगलातल्या, उन्हाळ्यात आटून जाणाऱ्या डबक्याची गोष्ट निराळी आहे. ती समजून घ्यायची तर उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील जंगलांत वर्षातले जवळपास सगळे दिवस जमिनीखाली काढणाऱ्या एका प्राण्याकडे पाहावे लागते. त्याचे भवितव्य ज्या प्रश्नावर अडले आहे तो जीवशास्त्राइतकाच कायद्याचाही आहे. जे पाणी काही महिन्यांनी आटते, त्याला पाणी म्हणायचे की नाही?

हा प्राणी म्हणजे ठिपक्यांचा सॅलमँडर. शास्त्रीय नाव अँबिस्टोमा मॅक्युलेटम. सॅलमँडर हे बेडकांसारखेच उभयचर. दिसायला पालीसारखे, पण अंगावर खवले नाहीत, बोटांना नख्या नाहीत आणि त्वचा कायम ओलसर. ठिपक्यांचा सॅलमँडर १५ ते २५ सेंटिमीटर लांब असतो आणि त्याच्या निळसर काळ्या पाठीवर पिवळ्या ठिपक्यांच्या दोन वेड्यावाकड्या रांगा असतात. कॅनडातील नोव्हा स्कोशियापासून दक्षिणेला जॉर्जिया, लुइझियाना आणि पूर्व टेक्सासपर्यंत तो आढळतो. ओहायो आणि साउथ कॅरोलायना या राज्यांनी त्याला आपला ‘राज्य उभयचर’ मानले आहे. त्याच्या कुळाला ‘मोल सॅलमँडर’ म्हणतात. मोल हा जमिनीत बोगदे करून राहणारा, चिचुंद्रीसारखा दिसणारा छोटा सस्तन प्राणी. सॅलमँडर मात्र स्वतः फारसे खोदकाम करत नाही. चिचुंद्र्या-उंदरांनी केलेली बिळे, कुजलेले ओंडके, पालापाचोळ्याचा थर हेच त्याचे घर; म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. तेथे गांडुळे, गोगलगायी, किडे आणि कोळी खाऊन तो वीस वर्षांपर्यंतही जगू शकतो. धोका जाणवला तर त्वचेतील ग्रंथींतून दुधाळ, विषारी स्राव सोडतो. इतका काळ इतक्या जवळ राहूनही जंगलाशेजारच्या बहुतेक माणसांनी त्याला कधी पाहिलेले नसते.

तो दिसतो ते वर्षातल्या मोजक्या रात्री. हिवाळा सरत असतो, जमिनीतला गोठा नुकताच सुटलेला असतो, तापमान पाच अंशांच्या आसपास किंवा वर गेलेले असते आणि अंधार पडल्यावर पाऊस सुरू होतो. अशा पहिल्या पावसाळी रात्री शेकडो सॅलमँडर एकाच वेळी जमिनीबाहेर येतात आणि चालू लागतात. डबक्याच्या काठावर कधीकधी बर्फाचे तुकडे तरंगत असतात. बहुतेक प्रौढ वर्षानुवर्षे त्याच डबक्याकडे परततात. वाटेतले मोठे तळे सोडून जंगलातल्या खोलगट जागेत साचलेले, बर्फ वितळून आणि पावसाने भरलेले पाणीच त्यांना हवे असते. नर आधी पोहोचतात आणि डबक्याच्या तळाशी पानांवर, काटक्यांवर शुक्राणूंच्या लहान कुप्या ठेवतात. माद्या त्या उचलून घेतात आणि काही दिवसांत पाण्यातल्या काड्यांना अंड्यांचे पुंजके चिकटवतात. प्रत्येक पुंजक्यात अनेक डझन अंडी, आणि त्यांच्याभोवती घट्ट जेलीचे वेष्टन. पाणी शोषून हा गोळा मुठीएवढा फुगतो. काम संपले की प्रौढ पुन्हा जंगलात, जमिनीखाली जातात. जेमतेम काही आठवड्यांचा हा व्यवहार. पण पुढची पिढी पूर्णपणे त्याच्यावर अवलंबून.

मग इतके कष्ट घेऊन आटणाऱ्या पाण्यातच अंडी का? उत्तर एका शब्दात देता येते: मासे. बारमाही तळ्यात मासे असतात आणि माशांच्या तोंडी सॅलमँडरची पिल्ले टिकत नाहीत. दरवर्षी कोरड्या पडणाऱ्या डबक्यात मासा जगू शकत नाही. म्हणजे ज्या गोष्टीमुळे हे पाणी माणसाला निरुपयोगी वाटते तीच त्याची सर्वात मोठी उपयुक्तता आहे. अर्थात ही सुरक्षितता फुकट मिळत नाही. अंडी फुटायला महिना-दीड महिना लागतो. त्यानंतर कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या पिल्लांना दोन ते चार महिन्यांत फुप्फुसे आणि जमिनीवर चालण्याजोगे शरीर तयार करून बाहेर पडावे लागते. डबके त्याआधी आटले तर त्या वर्षीची सगळी पिढी चिखलात संपते. वसंत लवकर उष्ण झाला, पाऊस लांबला, की ही शर्यत आणखी अवघड होते. वुड फ्रॉग हा बेडूक आणि ‘फेअरी श्रिम्प’ हे पारदर्शक, झिंग्यासारखे चिमुकले जीव यांचेही जगणे याच हिशेबावर चालते. श्रिम्पची अंडी तर कोरड्या मातीत पुढच्या पाण्याची वाट पाहत पडून राहतात. आणि डासांचे काय? सॅलमँडरची पिल्ले ज्या बारीकसारीक जलजीवांवर वाढतात त्यात डासांच्या अळ्याही असतात. गटारातल्या पाण्यात अळ्यांना खाणारे फारसे कोणी नसते. जिवंत डबक्यात असते. दोहोंना एकच शब्द वापरल्याने हा फरक पुसला जातो.

या डबक्यातले सर्वात मोठे आश्चर्य त्या अंड्यांच्या जेलीत दडलेले आहे. वसंत पुढे सरकतो तशी अंडी हिरवी दिसू लागतात. १८८८ मध्ये हेन्री ऑर या शास्त्रज्ञाने या हिरवेपणाची नोंद केली. तो एका एकपेशीय शैवालाचा रंग होता. पुढे त्याला ऊफिला अँब्लिस्टोमॅटिस असे नाव मिळाले. ऊफिला म्हणजे अंड्यावर प्रेम करणारे. १९४०च्या दशकात पेरी गिल्बर्ट यांच्या प्रयोगांतून दिसले की हा एकतर्फी मामला नाही. घट्ट जेलीतून प्राणवायू सहज आत पोहोचत नाही. शैवाल प्रकाशसंश्लेषण करून तो अंड्याच्या आतच तयार करते. भ्रूण जे टाकाऊ नत्रयुक्त पदार्थ आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो ते शैवालाच्या उपयोगी पडतात. शैवाल असलेल्या अंड्यांतील भ्रूण अधिक चांगले वाढतात.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तरी ती सुंदर होती. पण २०११ मध्ये रायन केर्नी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हे शैवाल केवळ अंड्यात नाही, तर भ्रूणाच्या ऊतींत आणि थेट पेशींच्या आतही शिरते. प्रवाळात किंवा काही गोगलगायींत असे सहजीवन माहीत होते. कणा असलेल्या प्राण्याच्या पेशीत शैवाल राहते असे प्रथमच आढळले. परक्या पेशीला ओळखून तिच्यावर हल्ला चढवणे हे पृष्ठवंशी प्राण्यांच्या प्रतिकारशक्तीचे मूलभूत काम. मग येथे तो हल्ला का होत नाही? २०१७ मध्ये याच विषयावरील संशोधनात दिसले की शैवाल ज्या पेशींत शिरलेले असते त्यांमध्ये प्रतिकाराशी संबंधित काही जनुकांचे काम मंदावलेले असते. उलट शैवाल मात्र आत ताणाखाली असते आणि प्रकाशसंश्लेषण सोडून किण्वनाच्या मार्गाने ऊर्जा मिळवू लागते. यजमान शांत आणि पाहुणा अस्वस्थ, असा हा संसार. शरीर परक्या पेशीला कधी आणि कसे सहन करते, हा प्रश्न अवयव प्रत्यारोपणापासून संसर्गजन्य आजारांपर्यंत वैद्यकाच्या अनेक शाखांत पुन:पुन्हा येतो. सॅलमँडरकडून उद्याच एखादे औषध मिळेल असा याचा अर्थ नाही. पण शंभर वर्षांहून अधिक काळ डोळ्यांसमोर असलेल्या हिरव्या अंड्यांत असा नियमभंग दडलेला होता, एवढे तरी लक्षात ठेवायला हवे.

आता जंगलाकडे. डबके वाचवले की सॅलमँडर वाचला, असा समज सोयीचा असला तरी चुकीचा आहे. प्रौढ प्राणी पाण्यात काढतो ते वर्षातले काही आठवडे. उरलेला काळ त्याचा मुक्काम भोवतालच्या झाडांखाली असतो. तो डबक्यापासून किती दूर जातो? रेमंड सेमलिट्स यांनी या कुळातील अनेक जातींची उपलब्ध निरीक्षणे एकत्र करून १९९८ मध्ये हिशेब मांडला. एखाद्या डबक्यावर अवलंबून असलेल्या सुमारे ९५ टक्के प्रौढांना सामावून घ्यायचे तर काठापासून साधारण १६४ मीटरपर्यंतचे जंगल राखावे लागते. म्हणजे काही गुंठ्यांच्या पाण्यासाठी आठ-नऊ हेक्टर जमीन. सावली, ओलसर पालापाचोळा आणि बिळे करणारे लहान सस्तन प्राणी यांच्याशिवाय ते पाणी म्हणजे रुग्णालयाविना प्रसूतिगृह. जंगल तोडून मधोमध डबके तेवढे राखले, त्याभोवती हिरवळ लावली आणि बाक टाकले, तर पुढची काही वर्षे अंडी दिसतही राहतील. पण ती येतील जुन्या, दीर्घायुषी प्राण्यांकडून, आणि त्यांच्यानंतर कोणी येणार नाही.

येथे या प्राण्याच्या आयुष्याचे गणित समजून घ्यायला हवे. पिल्लांपैकी फारच थोडी जमिनीवर पोहोचतात. एखादे वर्ष कोरडे गेले, दोन गेली, तरी चालते; कारण प्रौढ अनेक वर्षे जगतात आणि चांगल्या वर्षाची वाट पाहू शकतात. ही त्यांची ठेव आहे. व्याज बुडाले तरी चालेल, मुद्दल बुडता कामा नये. रस्ता नेमका मुद्दलावर घाला घालतो. बिळ आणि डबके यांच्यामधून रस्ता गेला की त्या पावसाळी रात्री चाकांखाली सापडतात ते प्रौढ, त्यातही अंड्यांनी भरलेल्या माद्या. जेम्स गिब्ज आणि ग्रेगरी श्रायव्हर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या गणितानुसार दरवर्षी दहा टक्क्यांहून अधिक प्रौढ रस्त्यावर मरत असतील, तर ती स्थानिक वस्ती कालांतराने नामशेष होऊ शकते. म्हणूनच न्यू इंग्लंडमधील अनेक गावांत स्वयंसेवक अशा रात्री विजेऱ्या आणि बादल्या घेऊन रस्त्यावर उभे राहतात आणि सॅलमँडरना हाताने पलीकडे पोहोचवतात. मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅमहर्स्ट येथे १९८७ मध्ये त्यांच्यासाठी रस्त्याखालून दोन छोटे बोगदे बांधले गेले. ओलावा आणि उजेड आत यावा म्हणून त्यांच्या छताला फटी ठेवल्या. व्हरमाँटमधील माँक्टन येथे २०१५ मध्ये झालेल्या भुयारी वाटांचा दीर्घ अभ्यास आता उपलब्ध आहे. तेथे उभयचरांचे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी घटले. उपाय आहेत आणि ते लागू पडतात, हे यातून सिद्ध होते.

तशीच आणखी एक जुनी कहाणी उमेद देणारी आहे. १९७६ मध्ये हार्वी पॉ यांनी न्यूयॉर्क राज्यातील डबक्यांत आम्लधर्मी पाण्यामुळे या सॅलमँडरचे भ्रूण मोठ्या प्रमाणात मरत असल्याचे दाखवले. आम्लपाऊस हा तेव्हा नव्याने समजू लागलेला धोका होता आणि उथळ डबकी त्याची पहिली शिकार होती. १९९० मध्ये अमेरिकेने हवा शुद्धीकरणाचा कायदा कडक केला, वीज प्रकल्पांतून बाहेर पडणारा गंधक कमी झाला आणि पावसाचे आम्ल उतरत गेले. विज्ञानाने इशारा द्यावा, कायद्याने ऐकावे आणि निसर्गाने सुधारावे, असे क्वचितच घडते. ते येथे घडले. पण त्याच डबक्यांत आता दुसरे काही मिसळत आहे. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ वाहत येते आणि खारट पाण्यात अंड्यांची जेली फुगण्याऐवजी पाणी गमावते.

हा इशारा ऐकण्याच्या स्थितीत आज कायदा आहे काय? १९७२च्या ‘क्लीन वॉटर अ‍ॅक्ट’ने ‘युनायटेड स्टेट्सच्या जलाशयां’ना संघराज्याचे संरक्षण दिले, पण कोणते पाणी त्यात मोडते हे संदिग्ध राहिले. २००१ मध्ये इलिनॉयमधील जुन्या खडी-खाणीतील डबक्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, केवळ स्थलांतरित पक्षी येतात म्हणून एकाकी पाणवठे कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, असे सांगितले. मे २०२३ मध्ये ‘सॅकेट’ खटल्यात कक्षा आणखी आखडली. पाणथळ जागेचे तुलनेने कायमस्वरूपी पाण्याशी पृष्ठभागावरून सलग नाते हवे, असा निकष ठरला. जंगलातले डबके या परीक्षेत जवळजवळ ठरून नापास होते. ते कायमचे नाही आणि कशाला जोडलेले नाही. जोडलेले असते तर मासे आले असते. कायमचे असते तरीही मासे आले असते. ज्या दोन गुणांमुळे सॅलमँडर त्याला निवडतो, त्याच दोन गुणांमुळे कायद्याने त्याला वगळले.

जमीनमालकांची तक्रार पोकळ नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. आयडाहोतील सॅकेट दाम्पत्याला स्वतःच्या भूखंडावर घर बांधताना रोजच्या हजारो डॉलर दंडाची धमकी मिळाली आणि निकालासाठी दीड दशक थांबावे लागले. कायदा कोठे सुरू होतो हे नागरिकाला आधी कळलेच पाहिजे. पण संदिग्धतेवरचा उपाय स्पष्टता हा आहे. डोळेझाक हा नव्हे. ती स्पष्टता कशी आणता येते हे काही राज्यांनी दाखवले आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये सामान्य नागरिक अंड्यांच्या पुंजक्यांची छायाचित्रे व मोजमापे सादर करून डबक्याला अधिकृत प्रमाणपत्र मिळवून देऊ शकतात. मेन राज्यात २००७ पासून ठिपक्यांच्या सॅलमँडरचे वीस किंवा अधिक पुंजके असलेले डबके ‘महत्त्वाचे’ ठरू शकते आणि भोवतालच्या २५० फुटांतील बांधकामाची छाननी होते. वीस ही संख्या कोणालाही मोजता येते. मात्र २५० फूट म्हणजे ७६ मीटर. विज्ञान १६४ मीटर सांगते, चांगला म्हणवणारा कायदा त्याच्या निम्म्यावर थांबतो आणि अनेक राज्यांत तेवढेही नाही. निदान मोजणी, नकाशा आणि भोवतालच्या जंगलाचा विचार, या तीन गोष्टी प्रत्येक राज्याने स्वीकारणे हा आता किमान शहाणपणा ठरेल.

यावर नेहमीचा आक्षेप असतो की हा सॅलमँडर संकटग्रस्त नाही. खरे आहे; जागतिक लाल यादीत तो ‘कमी चिंतेच्या’ वर्गात आहे. पण विपुल प्राणी नाहीसे होतात ते गाजावाजा करून नव्हे, तर एकेक डबके बुजत. प्रत्येक वेळी नुकसान लहान असते, म्हणून कोणतेच नुकसान अडवण्याजोगे वाटत नाही. संकटग्रस्तांच्या यादीत नाव आल्यावर जे वाचवण्यासाठी कोट्यवधी खर्च करावे लागतात, ते आज एका नकाशाने आणि दोन बोगद्यांनी वाचू शकते.

महाराष्ट्रात सॅलमँडर नाही; भारतात तो सापडतो पूर्व हिमालयात आणि ईशान्येत. पण आटणारे पाणी येथेही आहे. कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर आणि सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात उथळ डबकी भरतात. त्यांत बेडूक अंडी घालतात, आणि अमेरिकेतल्या त्या फेअरी श्रिम्पच्या गटातील जीवही त्यांत आढळतात. १९७१च्या रामसर करारात पाणथळीच्या व्याख्येत ‘कायमस्वरूपी किंवा तात्पुरत्या’ असे शब्द आहेत आणि भारताच्या २०१७च्या नियमांनीही ते स्वीकारले. कागदावर हा शब्द असणे ही मोठी गोष्ट. पण तो सड्यावर पोहोचायला हवा, जेथे महसुली नोंद अजूनही ‘पडीक’ म्हणते आणि उन्हाळ्यात पाहणीला गेलेल्या अधिकाऱ्याला फक्त कातळ दिसतो. पाहणी पावसाळ्यात व्हायला हवी. जे पाणी वर्षातून चार महिनेच असते ते पाहायचे तर त्या चार महिन्यांतच जावे लागते.